रेडिओ-नियंत्रित प्रशिक्षण विमानातील असमतोल : कारणे व दुरुस्ती

प्रस्तावना : राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेत विमान-प्रतिकृती हा प्रशिक्षणाचा भाग आहे. नियंत्रण-दांडी सोडल्यावरही प्रशिक्षण विमान सरळ व समपातळीत उडावे, अशी अपेक्षा असते. तसे न झाल्यास ट्रान्समीटरवरील ट्रिम बदलला जातो. मात्र त्याने अनेकदा केवळ लक्षण झाकले जाते.

विवेचन : एलेव्हेटरवरील वायुबल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते; म्हणून ट्रिमने एका वेगाला साधलेला समतोल दुसऱ्या वेगाला टिकेलच असे नाही. यास्तव मूळ कारण पुढील क्रमाने शोधावे.

१) गुरुत्वमध्य : सर्वसाधारण प्रशिक्षण विमानात तो पंखाच्या पुढील कडेपासून रुंदीच्या सुमारे २५ ते ३३ टक्के अंतरावर असतो. तो फार मागे गेल्यास विमान अस्थिर होते व ट्रिम निरुपयोगी ठरतो. म्हणून पहिल्या उड्डाणापूर्वीच बॅटरी पुढे सरकवून तो योग्य जागी आणावा.

२) इंजिनाचा रोख : शक्ती वाढविताच नाक अवाजवी उचलले जात असेल, परंतु इंजिन मंद असता विमान नीट तरंगत असेल, तर इंजिनाचा अक्ष किंचित खाली कलवावा. केवळ शक्ती वाढविल्यावर विमान डावीकडे वळत असल्यास तो किंचित उजवीकडे कलवावा.

३) पंख : इंजिन मंद असतानाही विमान एका बाजूस झुकत असेल, तर पंखातील पीळ व दोन्ही बाजूंचे वजन तपासावे.

निष्कर्ष : एका वेळी एकच बदल करून पुन्हा उड्डाण घ्यावे. दोन बदल एकदम केल्यास कोणत्या बदलाने दोष गेला हे कळत नाही, आणि कार्यकारणभावाचा धडा विद्यार्थ्याच्या हातून निसटतो.