विकणारा कोण?

माळव्यातील अफूच्या व्यापाराच्या काळात इंदूर, उज्जैन आणि मुंबई यांच्या दरम्यान रोकड क्वचितच हले. हले ती हुंडी. एका चिठ्ठीवर हजारोंची उलाढाल होई. ती चिठ्ठी चोराच्या हाती लागली तर काय करावे, हा प्रश्न सराफांपुढे उभा राहणे स्वाभाविकच होते. त्यावर त्यांच्याजवळ जे उत्तर होते, त्याचे नाव ‘शाहजोग हुंडी’. अशा हुंडीची रक्कम ती घेऊन येणाऱ्या कोणाही इसमाला मिळत नसे. पेठेत ज्याची पत आहे अशा शाहाच्या हातीच ती दिली जाई. पुढे हुंडी चोरीची अथवा बनावट निघाली, तर शाहाने ज्याच्यासाठी ती वटवली तो मनुष्य दाखवून द्यावा, नाही तर रक्कम परत करावी, असा रिवाज होता. दुसऱ्याची ओळख देणारा त्या ओळखीपायी स्वतः बांधला जात असे.

आज आपल्या हातातील फोनवर जी पेठ उघडते, तिच्यात असा शाह आहे काय?

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना या प्रश्नाशी विशेष कर्तव्य आहे. इंदूरच्या खजुरी बाजारात शाळा-कॉलेजांच्या पुस्तकांचे ढीग दिसतात; परंतु एखादी मराठी कादंबरी हवी असेल तर बहुधा पुण्या-मुंबईकडे डोळे लावावे लागतात. बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील वाचकांचा अनुभव फारसा निराळा नसावा. त्यामुळे ऑनलाइन बाजारपेठ आपल्याला वरदानासारखी वाटली तर नवल नाही. मात्र याच वाटेने चोरट्या छपाईचा मालही आपल्या उंबरठ्यावर येतो.

आमच्या मोहल्ल्यातील वाचनालयाने गणेशोत्सवातील निबंधस्पर्धेच्या बक्षिसांसाठी अशीच काही पुस्तके मागवली होती. त्यांपैकी दोन कादंबऱ्यांचे मुखपृष्ठ फिकट, काना-मात्रा तुटलेल्या, आणि एकीत तर मधली सोळा पानेच नव्हती. तक्रार करताच पैसे परत मिळाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु चिटणीसबाई चिकाटीच्या. त्यांनी विक्रेत्याचे नाव आणि पत्ता लेखी मागवून घेतला व त्या पत्त्यावर पत्र धाडले. ‘या पत्त्यावर असे कोणी नाही’ या शेऱ्यासह ते परत आले. पंधरवड्याच्या आत तीच कादंबरी, त्याच किमतीत, दुसऱ्याच नावाच्या दुकानातून विक्रीस आलेली त्यांनी आम्हांला फोनवर दाखवली. वाचनालयाचा तोटा भरून निघाला. लेखकाच्या मानधनाचा कोण भरून देणार?

ग्रंथचौर्याला आळा घालायचा तर आधी माणूस सापडला पाहिजे, ही जाणीव आपल्या कायद्याला फार जुनी आहे. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तक नोंदणीच्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण घालणे सक्तीचे केले होते. इंग्रज सरकारचा हेतू अर्थातच लेखकांचे रक्षण हा नव्हता; छापखान्यांवर नजर ठेवणे हा होता. तरी त्यामुळे पुस्तकाला एक ठावठिकाणा मिळाला. २०२३ साली संसदेने त्याच्या जागी जो नवा कायदा केला तो नियतकालिकांपुरता आहे. पुस्तके त्यातून वगळली गेली.

ऑनलाइन पेठेसाठी केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम लागू केले. त्यांनुसार बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीने विक्रेत्याच्या व्यवसायाचे नाव, तो नोंदणीकृत आहे की नाही, त्याचा पत्ता आणि संपर्क क्रमांक ग्राहकाला दिसेल असा मांडला पाहिजे. याच नियमांत आणखी एक कलम आहे, आणि ते मुळातून वाचण्यासारखे आहे. कॉपीराइट किंवा ट्रेडमार्क कायद्याखाली ज्याचा माल पूर्वी काढून टाकावा लागला, आणि तरीही जो पुन्हापुन्हा तसाच माल विक्रीस ठेवतो, अशा विक्रेत्यांची ओळख पटेल इतकी नोंद ठेवण्याचा वाजवी प्रयत्न कंपनीने करावा. इथवर उत्तम. पण लगेच पुढे परंतुक येते: अशा विक्रेत्याला दुकान बंद करण्यास भाग पाडणे कंपनीवर बंधनकारक नाही, वाटल्यास तिने स्वेच्छेने तसे करावे! म्हणजे चोपडीत चोराचे नाव लिहायचे, आणि दार मात्र उघडेच ठेवायचे.

विक्रेता म्हणून नाव नोंदवताना पॅन क्रमांक, बँकेचे खाते, मोबाइलवर येणारा सांकेतिक आकडा इत्यादी मागितले जाते. या सर्वांत भक्कम गाळणी म्हणजे जी.एस.टी.ची नोंदणी, कारण तिथे धंद्याच्या जागेचा पुरावा द्यावा लागतो. पण छापील पुस्तकांवर हा कर नाही. आणि केवळ करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीही घ्यावी लागत नाही. सवलत रास्तच आहे. ज्ञानावर कर नसावा. तिची दुसरी बाजू अशी की, पुस्तकविक्रेत्याच्या बाबतीत ही गाळणी लागतच नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. तो भोगायला कोणी तरी हाती लागावे ना!

कागदपत्रे मागितली की काम झाले, अशीही समजूत नको. जुन्या सामानाच्या विक्रीत लष्करी गणवेशातील छायाचित्र आणि ओळखपत्राची प्रत पाठवून कित्येकांना गंडवण्यात आले आहे. तेथे ओळख दाखवण्याची घाई ठकालाच असते. ‘पैसे पाठवतो, हा चौकोन स्कॅन करून पिन टाका’, असे तो म्हणतो; वास्तविक पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. असे घडल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. कागदपत्रे खरी, पण बँकेचे खाते भाड्याने घेतलेले, असाही प्रकार आढळतो.

अमेरिकेत २७ जून २०२३ पासून यासंबंधी एक कायदा अमलात आला आहे. वर्षभरात दोनशे किंवा अधिक नव्या वस्तू विकून पाच हजार डॉलरांवर उलाढाल करणाऱ्याचे बँक खाते, कर क्रमांक व संपर्क बाजारपेठेने तपासलेच पाहिजेत. माहिती न देणाऱ्याची विक्री थांबवावी लागते. ‘वाटल्यास’ हा शब्द तेथे नाही.

त्या कायद्यातील एक बारकावा मला विशेष भावला. बेळगावातील एखादी गृहिणी घरी पापड-कुरडया करून ऑनलाइन विकते असे समजा. तिच्या घराचा पत्ता साऱ्या जगाला दिसावा काय? एकट्या राहणाऱ्या बाईला ते जाचकच नव्हे, धोक्याचेही आहे. अमेरिकन कायद्यात घरातून धंदा करणाऱ्याचा पूर्ण पत्ता न छापता केवळ देश आणि राज्य दाखवण्याची मुभा आहे. संपूर्ण पत्ता बाजारपेठेजवळ तपासून ठेवलेला असतो. आपल्या नियमांत असा भेद नाही. पापड करणाऱ्या बाईने खरा पत्ता द्यायचा, आणि कादंबरी चोरणाऱ्याने खोटा. दोघांची पाटी फोनवर सारखीच दिसते.