चिकटपट्टी : मुदत आणि साठवण

उगम : अमेरिकेतील थ्री-एम कंपनीचे रिचर्ड ड्रू यांनी मोटारींच्या रंगकामासाठी १९२५ साली कागदी मास्किंग टेप सिद्ध केली आणि १९३० साली सेलोफेनची पारदर्शक पट्टी बाजारात आली.

रचना : कागद, सेलोफेन वा पॉलिप्रॉपिलीनचा आधारपट आणि त्यावर केवळ दाबाने चिकटणारा लेप.

लेपांतील भेद : रबरी लेप तत्काळ धरतो, परंतु ऊन, उष्णता व हवेतील प्राणवायू यांच्या योगे तो प्रथम ओशट, मग पिवळा आणि अखेरीस ठिसूळ होतो. अॅक्रिलिक लेप प्रकाश व काळ अधिक सोसतो.

मुदत : अनेक उत्पादक सुमारे १ वर्षाची मुदत देतात, ती योग्य साठवण गृहीत धरून असते.

साठवण :
- तपमान सुमारे २१ अंश सेल्सियस, सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास.
- रिळे मूळ वेष्टनात, चपट्या बाजूवर आडवी. धूळ कडांना प्रथम चिकटते.
- ज्या मालाची आवक आधी, तो आधी खर्ची घालावा.
- थंड जागेतील रीळ वापरण्यापूर्वी खोलीच्या तपमानावर येऊ द्यावे.

बिघाडाची लक्षणे : ओढताना पट्टी उभी चिरते, कडेने लेप पाझरतो, आधारपट सुटून लेप मागे राहतो.

दप्तरखान्यातील दंडक : जुन्या दस्तऐवजांस साधी चिकटपट्टी वर्ज्य, कारण तिचा लेप कागदात मुरून कायमचे पिवळे डाग पाडतो. फाटलेला कागद सांधण्यास तलम जपानी कागद व गव्हाच्या स्टार्चची खळ योजतात.