शेणी थापणाऱ्या पोलिश आया
युद्ध आणि आई : भाग ६

मागच्या आठवड्यात आपण लेनिनग्राडच्या वेढ्यात होतो. आज कझाकस्तानच्या माळावर जायचं आहे. तिथून निघालेली वाट शेवटी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला येते.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. आधी अधिकारी, पोलीस असे घरचे कर्ते पुरुष उचलले गेले. एप्रिल १९४०मध्ये पाळी आली त्यांच्या घरच्यांची. सुमारे ६० हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. रात्री दारावर थाप, बंदूकधारी शिपाई आणि आवरायला कुठं अर्धा तास, कुठं तास-दोन तास. तेवढ्या वेळात बाईनं काय उचललं, यावर पुढचं सगळं अवलंबून होतं. चांदीचे चमचे घेणारीपेक्षा पिसांची जाड रजई घेणारी शहाणी ठरली. वाटेत त्या रजईत मूल गुंडाळता आलं आणि पुढं तीच देऊन पीठ मिळालं.

मग आगगाडीचे गुरांचे डबे, डब्याच्या तळाला पाडलेलं एक भोक हाच संडास, आणि कझाकस्तानपर्यंत दोन-तीन आठवड्यांचा प्रवास. माळावर झाड नाही, त्यामुळं सरपण नाही. तिथले कझाक लोक शेणात पेंढा कालवून, तुडवून, वाळवून जाळायचे. आपल्याकडं कोल्हापूर भागात ज्याला शेणी म्हणतात, तेच. काल-परवापर्यंत शाळेत शिकवणाऱ्या, पियानो वाजवणाऱ्या बायका आता अनवाणी शेण तुडवायला शिकल्या. हिवाळ्याआधी ढीग रचला नाही, तर पोरं गारठून मरणार, हा हिशेब साधा होता.

त्याच वसंतात त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या नवऱ्यांना कातीन आणि इतर ठिकाणी गोळ्या घातल्या जात होत्या. बायका मात्र पत्रांची वाट बघत होत्या. कातीनमधल्या सामूहिक कबरी जगाला कळल्या त्या एप्रिल १९४३मध्ये.

जून १९४१मध्ये जर्मनीनं सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि चित्र पालटलं. पोलंडच्या निर्वासित सरकारशी सोव्हिएत सरकारचा करार झाला, पोलिश कैद्यांना माफी मिळाली, जनरल अँडर्स यांनी पोलिश सैन्य उभारायला घेतलं. बातमी कळताच बायका पोरांना घेऊन दक्षिणेला, उझबेकिस्तानकडं निघाल्या. तिथं भूक होतीच, वर टायफस. सैन्याच्या आसऱ्यानं अनाथालयं निघाली होती. तिथं मुलाला निदान खायला मिळत होतं, आणि देशाबाहेर जाण्याची संधी होती.

या सगळ्या कहाणीत मला सर्वांत अवघड वाटते ती हीच जागा. आई जिवंत असताना कितीतरी मुलं त्या अनाथालयांत दाखल झाली, कारण आईनंच नेऊन सोडलं. मुलाला छातीशी धरून ठेवणाऱ्या आईची चित्रं पुष्कळ निघतात. त्याचा हात सोडवून मागं फिरणारीचं कोण काढणार? तिला दोष देणारे तेव्हाही असतील. पण ती सोडत होती ते मूल जगावं म्हणून.

१९४२च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये क्रास्नोव्होद्स्कहून बोटी सुटल्या. कॅस्पियन ओलांडून सुमारे १ लाख १५ हजार सैनिक आणि नागरिक इराणच्या पहलवी बंदरात उतरले. किनाऱ्यावर उवांनी भरलेले कपडे जाळले, डोकी भादरली. बराच काळ उपाशी राहिलेल्या पोटांना तिथलं तेलकट मटण सोसलं नाही, आणि सुटका झाल्यावरही माणसं दगावली. ज्या आया मागं राहिल्या त्यांची वाट पुढं बंद झाली. १९४३मध्ये सोव्हिएत आणि पोलिश सरकारांचे संबंधच तुटले.

इराणला पोचलेल्यांपैकी काहींसाठी त्याच वर्षी वळिवड्याची छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार पोलिश माणसं, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत होती. बराकीतल्या खोल्यांमध्ये प्रत्येक कुटुंबाचा संसार वेगळा. कितीतरी वर्षांनी आईला स्वतःच्या चुलीवर, स्वतःच्या मुलासाठी, मनासारखं रांधता येत होतं. १९४८पर्यंत ही वस्ती राहिली. आज कापडाच्या बाजारासाठी लोक ज्या गांधीनगरला जातात, ते त्याच जागेवर आहे. पोलिश गेल्यावर फाळणीत घर गमावलेले सिंधी तिथं आले.

पुढच्या आठवड्यात जामनगरजवळच्या बालाचडीला जाऊ. तिथं आलेल्या बहुतेक मुलांबरोबर आई नव्हती.