९६ व्होल्ट म्हणजे नेमके किती?

परिचयातल्या एका शिक्षकांनी जुन्या मोटारीचं इंजिन काढून तिथे विजेवर चालणारी मोटर बसवली. (अशी गाडी रस्त्यावर आणायची तर संचाला मान्यता आणि आरटीओकडे नोंद लागते; तो वेगळा विषय.) डिकीत १२ व्होल्टच्या आठ लेड-अॅसिड बॅटऱ्या एकसर जोडलेल्या, म्हणजे ९६ व्होल्ट. त्या जुन्या झाल्यावर त्यांनी लिथियम लोह फॉस्फेटचे १०० अँपिअर-तासांचे ३० घट घ्यायचं ठरवलं. एका घटाचे ३.२ व्होल्ट, तिसांचे पुन्हा ९६ च! “मग चार्जर जुनाच चालेल ना?” त्यांनी विचारलं.

चालणार नाही. का, ते पाहू.

बॅटरीवरचा आकडा असतो वापरताना मिळणाऱ्या साधारण व्होल्टेजचा. चार्ज करताना त्याहून जास्त व्होल्टेज द्यावं लागतं, आणि किती जास्त हे आतलं रसायन ठरवतं. लेड-अॅसिडच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात. प्रत्येकाला साधारण २.४ व्होल्टपर्यंत न्यावं लागतं. आठ बॅटऱ्यांचे ४८ घट, म्हणजे ११५.२ व्होल्ट. जुना चार्जर तिथवर चढणार. तेच व्होल्टेज ३० घटांत वाटलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३.८४ व्होल्ट येतात. या घटाची मर्यादा आहे ३.६५.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं? लेड-अॅसिडमध्ये जादा वीज पाण्याच्या विघटनात खर्च होते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे निघतात, आणि आपण वरून डिस्टिल्ड वॉटर घालतो. लिथियमच्या घटात ही पळवाट नाही. तिथे विघटन होतं सेंद्रिय द्रावकाचं, तेही बंद डब्यात. घट तापतो, फुगतो. आणि हे द्रावक ज्वालाग्राही असतात.

म्हणजे चार्जर हवा १०९.५ व्होल्टला थांबणारा. पण तेवढंही पुरेसं नाही. चार्जरला कळते फक्त बेरीज. एखादा घट आधीच भरला आणि बाकीचे मागे असले, तर बेरीज बरोबर दिसेल आणि तो एक घट मर्यादा ओलांडेल. म्हणून प्रत्येक घटाचं व्होल्टेज वेगळं मोजणारी यंत्रणा, म्हणजे बीएमएस, लागते. आणि तिने सांगताच बंद होणारा चार्जर. ही सोय नसलेला चार्जर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, असं माझं मत आहे.

आता चार्जर केवढा? ३ किलोवॉटचा घ्यावा असं सगळ्यांनाच वाटतं. कार्यक्षमता ९० टक्के धरली तर तो २३० व्होल्टच्या सॉकेटमधून सुमारे १४.५ अँपिअर प्रवाह ओढेल, आणि तोही तीन-साडेतीन तास सलग. गीझर एवढा वेळ सलग चालत नाही. सॉकेटचा संपर्क सैल होऊन तिथे ०.१ ओहम रोध आला असेल, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे २१ वॉट उष्णता त्या एका टोकाशी निर्माण होईल. छोट्या सोल्डरिंग आयर्नची शक्ती साधारण एवढीच असते! दीड किलोवॉटचा चार्जर निम्मा प्रवाह घेतो. उष्णता पाव होते, जेमतेम ५ वॉट.

रिकामी बॅटरी भरायला त्याला सुमारे सात तास लागतात. रात्री दहाला लावली की पहाटे पाचला तयार. त्या शिक्षकांनी तोच घेतला. त्याआधी मात्र गाडीजवळच्या सॉकेटसाठी मीटरपासून वेगळी वायर ओढून घेतली, अर्थिंग तपासलं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला.