स्मार्टफोनची निवड : मोजमाप किती, आवड किती?

दिवाळीच्या सुमारास वाशिम, रिसोड, कारंजा येथील बाजारांत सोयाबीनची आवक सुरू झाली, की अनेक घरांत नव्या फोनचा विषय निघतो. 2025-26 च्या खरीप हंगामासाठी केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये ठरवला होता. या हिशेबाने 16 हजार रुपयांचा फोन घेणे म्हणजे तीन क्विंटल सोयाबीन देणे होय. बाजारभाव हमीभावाच्या खाली असला, तर त्याहूनही अधिक. माल विकताना आपण काटा नीट पाहून घेतो. मग त्याच्या बदल्यात येणारी वस्तू कोणत्या काट्यावर तोलायची?

‘कोणता फोन चांगला?’ या एका प्रश्नात खरे तर दोन प्रश्न दडलेले आहेत. हे यंत्र किती काम करते, हा पहिला. त्याचे उत्तर मोजता येते आणि ते सर्वांसाठी सारखेच असते. त्यातले मला किती हवे आहे, हा दुसरा. त्याचे उत्तर माणसागणिक बदलते. जाहिरात या दोहोंची सरमिसळ करते. आपण ते वेगळे करून पाहू.

डोळ्याची मर्यादा

प्रथम एक सोपा प्रयोग करा. पांढऱ्या कागदावर एकमेकींपासून 1 मिलिमीटर अंतरावर दोन बारीक काळ्या रेषा काढा. कागद भिंतीला लावा आणि हळूहळू मागे सरका. साधारण साडेतीन मीटरवर त्या दोन रेषा मिळून एकच दिसू लागतील. निरोगी डोळ्याला सुमारे एक कला, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन ओळखता येतो, त्याहून लहान नाही. हाच कोन धरला, तर 30 सेंटिमीटरवर धरलेल्या फोनच्या पडद्यावर आपल्याला सुमारे 0.09 मिलिमीटरपर्यंतचे ठिपके वेगळे दिसतील.

आता 15.3 सेंटिमीटर उंचीचा पडदा घ्या. त्या उंचीत 1,600 ठिपके असतील, तर एक ठिपका 0.096 मिलिमीटरचा होतो. 2,400 असतील तर 0.064 चा आणि 3,200 असतील तर 0.048 चा. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना आपण डोळ्याची मर्यादा ओलांडतो, म्हणून बारीक अक्षरांत फरक जाणवू शकतो. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना मात्र पैसे वाढतात आणि डोळ्याला जवळजवळ काहीच मिळत नाही.

प्रकाशाची मर्यादा

कॅमेऱ्याचेही असेच आहे. ‘50 मेगापिक्सेल’ म्हणजे 5 कोटी ठिपके. परंतु प्रकाश हा तरंग आहे. भिंगातून जाताना त्याचे विवर्तन होते आणि तो एका बिंदूत एकवटत नाही. त्याची लहानशी चकती बनते. भिंगाचे नाभीय अंतर त्याच्या छिद्राच्या व्यासाच्या 1.8 पट असेल, तर हिरव्या प्रकाशाची ही चकती सुमारे 2.4 मायक्रोमीटर व्यासाची असते. 50 मेगापिक्सेलच्या अनेक फोनमधील एकेक ठिपका तर 1 मायक्रोमीटरहूनही लहान असतो. म्हणजे एकच चकती अनेक ठिपक्यांवर पसरते! म्हणूनच असे पुष्कळ फोन शेजारचे चार ठिपके एकत्र जोडून सव्वा कोटी ठिपक्यांचे चित्र देतात. ते चित्र आपण ज्या पडद्यावर पाहतो, त्याचे एकूण ठिपके 1,080 गुणिले 2,400, म्हणजे सुमारे 26 लाखच असतात. तेव्हा मेगापिक्सेलचा आकडा विचारण्यापेक्षा कमी उजेडात छायाचित्र काढून पाहणे अधिक उपयोगाचे.

ऊर्जेचा हिशेब

बॅटरीवर 5,000 मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले असते. त्याला सुमारे 3.85 व्होल्टने गुणले, की 19 वॅट-तास ऊर्जा मिळते. एवढ्या ऊर्जेवर 10 वॅटचा एलईडी दिवा जेमतेम दोन तास जळेल. फोन सरासरी 1 वॅट खर्च करत असेल, तर तो 19 तास चालेल. 2 वॅट खर्च करत असेल, तर निम्माच वेळ. बॅटरीच्या आकड्यावरून टाकीत पाणी किती आहे ते कळते, तोटी किती सुटली आहे ते कळत नाही.

शिवाय उष्णतेचा विचार हवाच. ॲपल कंपनी आपले फोन 0 ते 35 अंश सेल्सिअस तापमानात वापरावेत असे सांगते. वाशिमला मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. उष्णतेने लिथियम-आयन बॅटरीतील नको असलेल्या रासायनिक क्रिया वेगाने होतात आणि तिची क्षमता कायमची घटते. तेव्हा महागातला फोनही उन्हात, धुऱ्यावर ठेवू नये.

भार कोणी ठरवायचा?

समजा, अ आणि ब हे दोन फोन सारख्याच किमतीचे आहेत. बॅटरी, कॅमेरा आणि पडदा यांसाठी अ ला दहापैकी अनुक्रमे 9, 5, 6 आणि ब ला 6, 9, 8 गुण मिळाले. दिवसभर शेतात राहणाऱ्या वडिलांनी या तीन गुणांना 6, 2, 2 असा भार दिला. कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या ताईला सोयाबीनवरील पिवळ्या मोझॅकची छायाचित्रे काढायची आहेत. तिने 2, 5, 3 असा भार दिला. आता गुणाकार करून बेरीज करा. वडिलांच्या हिशेबाने अ ला 76 आणि ब ला 70 गुण पडतात. ताईच्या हिशेबाने अ ला 61 आणि ब ला 81! फोन तेच, मोजमापे तीच, तरीही दोन वेगळे निर्णय आले, आणि दोन्ही बरोबर आहेत. किंमत एकच असली, तरी मोल दोन असू शकते.

मग रंग आवडला म्हणून फोन घेणे चूक का? मुळीच नाही. आवड हाही एक गुण आहे; त्यालाही भार द्या. मात्र तो किती, हे आधी ठरवा. मोजमापाचे आकडे आपल्या इच्छेने बदलत नाहीत. भार मात्र बदलतात, आणि दुकानातील झगमगाटात तर फारच लवकर बदलतात.

म्हणून घरात फोन घ्यायचे ठरले, की सर्वांनी बसून एका कागदावर आपापले भार लिहून काढा. बेरीज दहाच आली पाहिजे, म्हणजे एका गुणाला जास्त दिले की दुसऱ्याचे कमी करावे लागेल. तो कागद खिशात घालूनच दुकानाची पायरी चढा.