नकार तोंडी, हक्क लेखी

रमजानची संध्याकाळ. मालेगावच्या गल्ल्यांत यंत्रमागांची खटखट जरा मंदावते. सांच्यावरून उठलेला कारागीर खजूर आणि फळे घेऊन घराची वाट धरतो. खिशात पैसे बेताचेच, पण मोहल्ल्यात त्याची पत आहे. किराणावाला ईदपर्यंत थांबतो, व्यापारी उधारीवर सूत देतो. मात्र उधारीच्या सुताचा दर व्यापारीच ठरवतो आणि बहुतेक वेळा कापडाचाही. दोन सांचे स्वतःचे झाले, सूत रोखीने घेता आले, तर यातून सुटका होईल, हे त्यालाही कळते. त्यासाठी बँकेचे कर्ज हवे. पण तिथे पत्ता सांगितला की बोलणाऱ्याचा सूर बदलतो. नंतर या, आधी जामीनदार आणा, तुमच्या भागात कर्ज होत नाही. सगळे तोंडी, कागदावर काहीच नाही.

हा केवळ एखाद्याचा कटू अनुभव नाही. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने 2006 च्या अहवालात हेच नोंदवले. मुस्लिमांची संख्या जास्त असलेल्या अनेक वस्त्या काही बँकांनी ‘नकारात्मक भौगोलिक क्षेत्र’ ठरवल्या होत्या. बँक खात्यांत मुस्लिमांचा जेवढा वाटा होता, त्यापेक्षा कर्जाच्या रकमेतला वाटा बराच कमी होता. म्हणजे गरिबाचा पैसा बँकेत जात होता, पण त्याच्या वस्तीत परत येत नव्हता. 2014 मध्ये जनधन योजना आली, पासबुके घरोघर पोहोचली. पण खाते उघडणे वेगळे आणि पत मिळणे वेगळे.

घराच्या बाबतीतही तेच. नाव ऐकताच ‘खोली आताच गेली’ असे सांगितले जाते. मग माणूस आपल्याच वस्तीत दाटीवाटीने राहतो. तिथले अनेक प्लॉट केवळ स्टॅम्पपेपरवरच्या करारावर हातोहात फिरलेले. बँकेला चालेल असा मालकीचा कागद नसल्याने गृहकर्जाचे दारही बंद.

मुस्लिमांना व्याज हराम आहे, म्हणून ते बँकेपासून लांब राहतात, असे यावर सांगितले जाते. त्यात काही अंशी तथ्य आहे. पवित्र कुरआनने व्यापार वैध आणि व्याज निषिद्ध ठरवले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत खदीजा (रजि.) यांच्या भांडवलावर व्यापार केला, तो नफ्यातल्या भागीदारीचा. देवबंदचा मुस्लिम फंड 1961 पासून दागिन्यांच्या तारणावर बिनव्याजी कर्ज देत आला आहे. रघुराम राजन समितीनेही 2008 मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. परंतु रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये हा विषय पुढे न नेण्याचे ठरवले. बँकिंग सेवा मिळवण्याची समान आणि व्यापक संधी सर्व नागरिकांना आहेच, असे कारण दिले. तेव्हा ती समान संधी प्रत्यक्षात मागणे हा नागरिकाचा हक्क ठरतो. शिवाय ज्याने कर्जासाठी अर्ज केला, त्याला नाकारण्यासाठी त्याच्या धर्माचे कारण कसे पुढे करता येईल?

कुरआनमधली सर्वांत मोठी आयत नमाजविषयी नाही, रोजाविषयीही नाही. सूरह बकरातली ती 282 वी आयत देण्याघेण्याची नोंद करण्याविषयी आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि लिहून देण्यास नकार देऊ नये, साक्षीदार घ्यावेत, रक्कम लहान असली तरी कंटाळा करू नये, असा तिचा आशय. तिच्या दोनच आयती आधी अडचणीतल्या कर्जदाराला सवड देण्याची शिकवण आहे. दया आणि हिशेब हे दोन्ही बरोबरच सांगितले आहेत. आपल्याकडे दया बऱ्यापैकी उरली, हिशेब मात्र मागे पडला.

गंमत म्हणजे देशातले नियमही लेखी व्यवहाराच्याच बाजूचे आहेत. प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जअर्जाची पोच बँकेने द्यायची असते. अर्ज नाकारला तर मुख्य कारणे लेखी कळवायची असतात. मुद्रा योजनेतल्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागता येत नाही. बँकेकडे केलेल्या तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. 14448 या क्रमांकावर माहिती मिळते. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा स्वतःचा पतअहवाल मोफत घेता येतो. हे माहीत असलेला अर्जदार तोंडी नकार घेऊन परतत नाही. तो म्हणतो, ‘साहेब, लिहून द्या.’

या महिन्यात जकात निघते, बचतीच्या अडीच टक्के. कुरआनने जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले, त्यांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. त्याला सोडवणे पुण्याचेच. पण तो पुन्हा त्याच उधारीत अडकू नये, हेही पाहायला हवे. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या तरुणाने तरावीहनंतर रोज एक तास दिला, शेजाऱ्याचा उद्यम दाखला, विजेची बिले आणि सूतखरेदीच्या पावत्या लावून एक अर्ज भरून दिला, तर तेही मोठे दान ठरेल. लिहिता येणाऱ्याने लिहून द्यावे, हे तर त्या आयतीतच आहे.

ईदचा चंद्र दिसला की फितरा देऊन गरिबाच्या घरची शेवई शिजेल. पुढच्या रमजानपर्यंत त्याच्या सांच्याचे सूत त्याचे स्वतःचे असावे, अशी दुआ करावी आणि सोबत त्याच्या अर्जाची पोच जपून ठेवावी.