पाण्याचा पेला आणि कामाची प्रेरणा

सरकारी कचेरी असो की खासगी कंपनी, साहेब लोकांची एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘माणसे मन लावून काम करीत नाहीत!’ मग त्यावर उपाय म्हणून एखाद्या मोठ्या हॉटेलात शिबिर भरते. सुटाबुटातला वक्ता येतो, टाळ्या वाजवायला लावतो, ‘तुम्ही ठरवले तर काहीही करू शकता’ असे सांगतो आणि मानधन घेऊन निघून जातो. त्याच वेळी सभागृहाबाहेर फरशी पुसणारी बाई जिन्याखालच्या कोंदट जागेत डबा उघडून बसलेली असते. तिला प्रेरणा कोण देणार? हा प्रश्न शिबिरात कुणी विचारीत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ साली माणसाच्या प्रेरणेविषयी एक सिद्धांत मांडला. माणसाच्या गरजांची त्यांनी शिडीच लावली. आधी अन्न, पाणी, झोप. मग सुरक्षितता. त्यानंतर आपुलकी, त्यानंतर सन्मान आणि सर्वांत वर आपल्या अंगच्या गुणांचा पूर्ण विकास. खालची गरज बऱ्यापैकी भागली की माणूस वरच्या गरजेकडे वळतो, असे त्यांचे म्हणणे. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात आजही हा सिद्धांत शिकवला जातो आणि त्यात तथ्यही आहे. उपाशी माणसाला कंपनीचे ध्येयधोरण सांगून काय उपयोग? पण या शिडीत एक गोष्ट नाही, ती म्हणजे जात. आपल्या देशात जातीने ही शिडी कशी उलटी केली हे पाहायचे असेल, तर १९१७ सालच्या बडोद्याला जावे लागेल.

कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब त्या वर्षी बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीची ती अट होती. त्यांच्याइतके शिकलेले किती अधिकारी तेव्हा त्या कचेरीत असतील? पण शिपाई त्यांच्या टेबलावर फायली दुरूनच फेकत. कचेरीत त्यांना प्यायला पाणी मिळत नसे. गावात राहायला खोली मिळेना, म्हणून ते पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले लोक तिथे चालून आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. कमाठी बागेत काही तास बसून त्यांनी मुंबईची गाडी पकडली.

बाबासाहेबांकडे विद्वत्ता होती, कष्टांची तयारी होती, वर महाराजांचा पाठिंबाही होता. प्रेरणेची कमतरता त्यांच्यात होती असे कोणता व्यवस्थापनतज्ज्ञ म्हणेल? दोष कचेरीत होता. मॅस्लोच्या शिडीत पाणी पहिल्या पायरीवर आणि सन्मान चौथ्या पायरीवर. बडोद्यात मात्र सन्मान नाकारला म्हणून पाणी नाकारले गेले, निवारा नाकारला गेला, सुरक्षितता गेली. जिथे माणूस म्हणून मान्यताच नाही, तिथे पहिली पायरीसुद्धा मिळत नाही. म्हणूनच सन्मान ही पोट भरल्यानंतरची चैन आहे, असे आपल्याला कुणी सांगू नये!

मुंबईच्या कापड गिरण्यांतही हेच घडले. विणखात्यात मजुरी जास्त होती, पण तिथे अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि इतर कामगारांना त्याचा विटाळ वाटे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. अंगात कसब आहे, पण कसबाच्या खात्याचे दारच बंद, अशा कामगाराने मन लावून काम करावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

त्याच वर्षी मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेला आणि भत्त्याला पाठिंबा दिला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगाराला पगारी रजा मिळाली, तर १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. अमेरिकेत मॅस्लो गरजांची शिडी मांडत होते, त्याच सुमारास इथे बाबासाहेब त्या गरजांना कायद्याचे बळ देत होते. ज्यांना कचेरीत पाणी मिळाले नाही, त्यांनी लाखो कामगारांच्या विश्रांतीची सोय कायद्यात केली! मालकाची मर्जी आज असते, उद्या नसते. हक्क मात्र मागता येतो, हे त्यांनी ओळखले होते.

आज काय चित्र आहे? साध्या खुर्चीचे उदाहरण घ्या. केरळात कापड दुकानांतल्या विक्रेत्या स्त्रियांना दिवसभर उभे राहावे लागे, गिऱ्हाईक नसले तरी बसायची सोय नव्हती. त्या स्त्रिया लढल्या, तेव्हा २०१८ साली केरळने आणि २०२१ साली तामिळनाडूने बसण्याचा हक्क कायद्यात घातला. खुर्चीसाठी कायदा करावा लागतो, यातच सारे आले.

आणि सफाई कामगार? गटारात उतरून मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. २०२३ साली ही रक्कम तीस लाख केली. मेल्यावर तीस लाख. पण जिवंतपणी हातमोजे, साबण, अंघोळीची जागा आणि वेळेवर पगार यांसाठी ठेकेदाराच्या दारात हेलपाटे! या माणसाला ‘स्वच्छतादूत’ म्हणून हार घातला की त्याला प्रेरणा मिळते, असे ज्यांना वाटते त्यांनी एक दिवस त्याच्या जागी काम करून पाहावे.

शेवटी थोडे आपल्याच माणसांविषयी. बाबासाहेबांच्या संघर्षामुळे आपल्यातील अनेकजण आज साहेबाच्या खुर्चीत बसले आहेत. त्यांनी उद्या कचेरीत गेल्यावर प्रेरणेवरचे भाषण ऐकण्याआधी एवढेच पाहावे. आपला शिपाई पाणी कुठे पितो? ठेक्यावरची झाडूवाली डबा कुठे बसून खाते? तिला स्वच्छतागृह वापरू देतात का? तिचा पगार महिन्याच्या कोणत्या तारखेला होतो? तिला आपण नावाने हाक मारतो की ‘ए बाई’ म्हणतो? यासाठी वरून परिपत्रक येण्याची वाट पाहायची गरज नाही, यातले बरेचसे आपल्याच अधिकारात असते.

बडोद्याच्या कचेरीने बाबासाहेबांना पाण्याचा पेला दिला नाही. त्या कचेरीत ते काय करू शकले असते, हे बडोद्याला कधीच कळले नाही. आपल्या कचेरीत कुणाच्या वाट्याला तोच बडोदा येत नाही ना, हे तपासण्याची जबाबदारी आता आपली आहे.